देणे आधी, येणे नंतर

व्यापारी घराण्यात माणसाचे अक्षर ही त्याची मुद्रा असते. रोजमेळ, खतावणी, पावती, धनादेश, सर्वत्र तेच उमटते. एखाद्या नोंदीखाली सही नसली तरी ती कोणाच्या हातची आहे, हे पेढीवरचे जुने दिवाणजी क्षणात सांगतात. कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार, पुष्कळदा हात थरथरू लागण्यापूर्वीच या अक्षरात शिरतो. ओळीच्या आरंभी ठसठशीत असलेले अक्षर ओळ संपेपर्यंत मुंगीएवढे होते. लिहिणाऱ्याला ते जाणवत नाही, वाचणाऱ्याला जाणवते. वैद्यकाने या बारीक होत जाणाऱ्या अक्षराची एक लक्षण म्हणून नोंद केलेली आहे.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतील धान्याच्या एका जुन्या पेढीवर असेच घडले. घरचे कर्ते अण्णा. दुकानात संगणक आला, तरी रोजमेळ ते स्वतःच्या हाताने लिहीत. मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन नवा की जुना हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता. साठी उलटल्यावर त्यांना वास येईनासा झाला. सर्दीचे निमित्त सांगून त्यांनी तो विषय बाजूला सारला. पुढे बँकेने सही जुळत नाही म्हणून एक धनादेश परत केला, तेव्हा दोष पेनाला गेला. अखेर चालताना त्यांचा उजवा हात अंगासरसाच राहतो, हे सुनेने टिपले आणि कुटुंब मेंदूविकारतज्ज्ञांकडे पोहोचले. वास जाणे, अक्षर लहान होणे, हाताचा झोका थांबणे या तीन सुट्या नोंदी एकाच खात्यात मांडल्या गेल्या आणि आजाराचे नाव ठरले.

या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. मध्यमेंदूत काळसर रंगाचा एक लहानसा पट्टा असतो. तेथील काही लाख पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि त्याच्या बळावर हालचालींना सहजता येते. या आजारात त्या पेशी हळूहळू मरतात. लक्षणे ठळक होईपर्यंत त्यांचा मोठा भाग नाहीसा झालेला असतो. भांडवलाला गळती लागलेली असावी आणि ती कळेपर्यंत अर्धी तिजोरी रिकामी व्हावी, तसा हा प्रकार आहे.

कमी पडलेले डोपामिन भरून काढण्यासाठी लेव्होडोपा हे औषध १९६० च्या दशकापासून दिले जाते आणि आजही तेच मुख्य औषध आहे. आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांमध्ये हे द्रव्य निसर्गतःच असते. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन व रामस्वामी यांनी ते त्या बियांतून वेगळे केले होते. त्यावेळी कंपवाताशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानात आला नव्हता. अण्णांनाही याच औषधाने बराच आराम पडला. डाळी, कडधान्ये आणि दूध यांतील प्रथिने या औषधाच्या शोषणात अडथळा आणतात. त्यामुळे गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेण्याचे ठरले. पर्युषणात गोळ्या एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी निक्षून सांगितले. तेव्हापासून व्रतात औषधाची मोकळीक ठेवूनच ते उपवास करू लागले.

चार-पाच वर्षे बरी गेली. मग गोळीचा परिणाम लवकर ओसरू लागला. दोन मात्रांच्या मधल्या काळात अण्णा खुर्चीतून उठताना अडकून राहत. अशाच दिवसांत त्यांच्या मुलाच्या भ्रमणध्वनीवर एक जाहिरात आली. दूरच्या शहरातील एका उपचार केंद्राने मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, काही इंजेक्शनांनी कंपवात मागे हटवण्याची हमी दिली होती. खर्च काही लाखांचा होता. मुलाने मुदत ठेव मोडण्याची तयारी केली. वडिलांसाठी पैसा पाहायचा नाही, हे त्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही आणि अशा जाहिराती नेमक्या त्याच संस्कारावर चालतात.

अण्णांनी मात्र व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला. “हमी देतात म्हणतोस, मग लेखी कोणाची आहे, त्यांची की सरकारची?”

त्यांच्या डॉक्टरांनी या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील मूलपेशी प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर रुग्णांवर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. अशा चाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत असावी लागते आणि तो क्रमांक कोणालाही पाहता येतो. चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. जेथे नोंदणी क्रमांक नाही आणि दरपत्रक मात्र आहे, तेथे काय चालले आहे हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देण्यापूर्वी त्याचा जीएसटी क्रमांक तपासणाऱ्या घराने वडिलांच्या मेंदूसाठी तेवढी तरी चौकशी करावी, हे डॉक्टरांचे म्हणणे मुलाला पटले. ठेव मोडली गेली नाही.

मग मूलपेशींचे शास्त्र खोटे आहे काय? मुळीच नाही. ते खरे आहे, म्हणूनच त्याच्या नावावर खोटा माल खपतो. ते नेमके कोठवर आले आहे, हे समजून घेतले की खऱ्या-खोट्याची निवड सोपी होते.

मूलपेशी म्हणजे अजून कामाची वाटणी न झालेली पेशी. घरातले लहान मूल पुढे किराणा, कापड, सराफी यांपैकी कोणताही धंदा धरू शकते, तशी ही पेशी त्वचा, रक्त, हृदय किंवा मेंदू यांपैकी कशाचीही पेशी होऊ शकते. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून अशा पेशी वाढवल्या. गर्भधारणेनंतर जेमतेम पाच-सहा दिवसांचा भ्रूण त्यासाठी वापरावा लागतो आणि त्यात तो नष्ट होतो. अनेक धर्मांच्या अनुयायांना ते रुचले नाही, जैन मनालाही ते सहज रुचणारे नव्हते.

ही कोंडी जपानमध्ये फुटली. क्योतो विद्यापीठातील शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या प्रौढ त्वचापेशीत चार जनुके घालून तिला पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेले. धंद्यात मुरलेला माणूस पुन्हा पाटीवर बसावा, तसे हे होते. त्यासाठी भ्रूणाची गरज उरली नाही. त्वचेचा मुगाएवढा तुकडा किंवा थोडेसे रक्त पुरते. २०१२ साली यामानाका यांना ब्रिटनच्या जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढची पायरी २०१३ साली व्हिएन्नात गाठली गेली. मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिच यांनी मूलपेशींना पोषक द्रवात, जेलीसारख्या आधारावर तरंगत वाढू दिले. त्या पेशींनी आपसांत रचना करून मेंदूच्या प्राथमिक थरांसारखे थर धरले. काही मिलिमीटरच्या, वाटाण्याहूनही लहान अशा या गोळ्यांना मेंदूचे ऑर्गनॉइड म्हणतात. २०१६ साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी मध्यमेंदूसारखे ऑर्गनॉइड वाढवले, तेव्हा त्यांतील पेशींनी डोपामिन तर तयार केलेच, शिवाय कंपवातात नाहीसे होणारे ते काळे रंगद्रव्यही निर्माण केले. प्रयोगशाळेतील उंदराच्या मेंदूत असे रंगद्रव्य साठत नाही. त्यामुळे हा काळसर ठिपका अभ्यासकांना सोन्याहून मोलाचा वाटला.

याचे महत्त्व व्यवहाराच्या भाषेत सांगता येते. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून तपासता येत नाही आणि मृत्यूनंतर तपासलेला मेंदू म्हणजे दिवाळे निघाल्यावर पाहिलेली वही. पैसा कोणत्या दिवशी, कोणत्या नोंदीपासून गळू लागला, हे तिच्यात दिसत नाही. रुग्णाच्या रक्तापासून वाढवलेल्या ऑर्गनॉइडमध्ये मात्र पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी वाचता येतात. शिवाय जनुकातील एकच चूक दुरुस्त करून दुसरा ऑर्गनॉइड वाढवता येतो. दोन वह्या, सर्व नोंदी सारख्या, फरक एकाच आकड्याचा. शिल्लक जुळली नाही, तर दोष कोठे आहे हे तेथेच कळते. नवे औषध माणसाला देण्याआधी या गोळ्यांवर पारखून पाहता येते.

या अभ्यासाला मर्यादाही आहेत. ऑर्गनॉइडला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो वाढला की गाभ्यातील पेशी उपाशी मरतात. त्याची घडण गर्भातील मेंदूसारखी असते, तर कंपवात हा उतारवयाचा आजार आहे. पेशीला मूळ अवस्थेत नेताना तिच्या वयाच्या पुष्कळशा खुणाही पुसल्या जातात. सत्तर वर्षांचा हिशेब सहा महिन्यांत पूर्ण उलगडत नाही.

तरीही हा अभ्यास का आवश्यक आहे, हे एका जुन्या अनुभवावरून दिसते. १९८७ साली स्वीडनच्या लुंड शहरात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत गर्भाच्या ऊतीतील पेशी बसवण्यास प्रारंभ झाला. काहींना लाभ झाला. परंतु पुढे अमेरिकेत काटेकोर तुलना करून घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष निराशाजनक होते. काही रुग्णांना अनावर हालचालींचा नवाच त्रास जडला. २००८ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. प्रत्यारोपणानंतर दहा-पंधरा वर्षे जगलेल्या काही रुग्णांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा बाहेरून आणलेल्या त्या तरुण पेशींतही कंपवाताच्या खुणा असलेले प्रथिनांचे गोळे आढळले. गळक्या कणगीत नवे धान्य भरले, तर तेही गळणारच. कणगी का गळते, हे ऑर्गनॉइडवरील अभ्यासातून शोधायचे आहे.

प्रत्यारोपणाचे कामही थांबलेले नाही. क्योतो विद्यापीठात जून ताकाहाशी यांच्या गटाने २०१८ साली निरोगी दात्याच्या पेशींपासून, भ्रूणाविना तयार केलेल्या डोपामिनपूर्व पेशी रुग्णांच्या मेंदूत बसवण्यास सुरुवात केली. सात रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत कोणालाही गंभीर अपाय झाला नाही. परिणामांसाठी तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली, औषधाचा अंमल नसतानाच्या वेळी, सुधारलेल्या आढळल्या. त्याच सुमारास अमेरिका व कॅनडातील बारा रुग्णांवरील चाचणीचेही निष्कर्ष आले. तेथील पेशी भ्रूणमूलपेशींपासून केलेल्या होत्या. दोन्ही मिळून एकोणीस रुग्ण. आशा वाटावी एवढे हे नक्कीच आहे, पण दुकानात विकत घ्यावे एवढे नाही. जगातील अग्रगण्य शास्त्रज्ञ एकोणीस रुग्णांनंतर जी हमी देत नाहीत, ती जाहिरातीत मिळत असेल तर तिची किंमत व्यापाऱ्याने स्वतःच करावी.

जैन कुटुंबाला आणखी एक प्रश्न पडतो आणि तो टाळून चालणार नाही. हे औषध कोणाच्या वेदनेतून येते? १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात भेसळीच्या मादक द्रव्यामुळे काही तरुण एकाएकी कंपवाताच्या रुग्णांसारखे जखडले. त्यातील विष ओळखले गेल्यावर तेच माकडांना व उंदरांना टोचून त्यांच्यात आजार निर्माण करण्याची पद्धत रूढ झाली. पंचेंद्रिय जीवांवरील अशा प्रयोगांची संख्या ऑर्गनॉइडमुळे कमी होऊ शकते. भारत सरकारने २०२३ साली नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत दुरुस्ती करून औषधपरीक्षणात ऑर्गनॉइडसारख्या प्राणिविरहित पद्धतींना स्थान दिले. अमेरिकेने त्याआधी, २०२२ च्या अखेरीस, तशाच आशयाचा कायदा केला होता.

तथापि, ऑर्गनॉइड पूर्णतः निर्दोष आहे असेही म्हणता येत नाही. त्याला आधार देणारी जेली बहुधा उंदराच्या गाठीपासून काढतात आणि पेशींच्या पोषक द्रवात वासराच्या गर्भाच्या रक्ताचा अंश अनेकदा वापरला जातो. त्यांना कृत्रिम पर्याय शोधले जात आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी हिंसेची चार रूपे शास्त्रकारांनी सांगितली. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडावी आणि उरलेली विवेकाने घटवीत न्यावी, असा मार्ग दाखवला. शास्त्रज्ञांच्या हाती नकळत का होईना, तोच घटवीत नेण्याचा क्रम आला आहे. समाजाने त्याला पाठबळ देणे अहिंसेशी सुसंगतच ठरेल.

ते पाठबळ कसे द्यावे, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० व्यक्तींची पाहणी केली. त्यांत कंपवाताचे ४६ रुग्ण आढळले. लाखामागे सुमारे ३२८ हे प्रमाण १९८८ साली प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या अभ्यासांत आजही उद्धृत होते. त्या समाजात वृद्धांची संख्या मोठी, हे त्यामागील एक कारण होते. पारशी कुटुंबांनी दार उघडले, म्हणून भारताच्या खात्यात ही नोंद झाली. इटलीतील कोंतुर्सी या लहान गावातून अमेरिकेत गेलेल्या एका घराण्याच्या रक्तातून १९९७ साली कंपवाताचे पहिले जनुक हाती लागले. युरोपीय वंशाच्या ज्यू समाजात एका दुसऱ्या जनुकातील बदल पुष्कळ रुग्णांत आढळतो आणि त्यावरील औषधांचे प्रयोग आज चालू आहेत. भारतीय रुग्णांत मात्र तो बदल क्वचितच दिसतो. परक्यांच्या वहीवरून भारतीयांचा ताळेबंद निघत नाही, याचे याहून स्पष्ट प्रमाण कोणते?

पिढ्यान्पिढ्या आपसांत सोयरीक करणारे आणि घराण्याची माहिती जपणारे जे समाज असतात, त्यांच्याकडून मिळणारे ज्ञान विशेष मोलाचे असते. जैन समाज त्यांपैकीच आहे. देशात त्यासाठी लागणारी व्यवस्था उभी राहते आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूची पेढी आहे. त्याच शहरातील संस्थांनी एकत्र येऊन, मानसिक विकार पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या कुटुंबांच्या रक्तापासून मूलपेशी तयार करून जपल्या आहेत. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवते. खुद्द कोल्हापुरात, कसबा बावड्यातील डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूलपेशींच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. लक्ष्मीपुरीपासून ते अंतर काही फार नाही.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने जैन घरात लहानपणापासून शिकवली जातात. नैतिक समितीने मान्य केलेल्या संशोधनासाठी दिलेल्या थोड्याशा रक्तात या चारांपैकी तिन्ही येतात. पुढच्या रुग्णासाठी ते औषध, शास्त्रासाठी ज्ञान आणि प्रयोगशाळेतील मुक्या जीवांसाठी अभय. या दानाला पावती नाही, करसवलत नाही आणि दात्याला स्वतः काही लाभ होईल याची शाश्वती नाही. संमतिपत्र नीट वाचून, शंका विचारून मगच सही करावी. इच्छा बदलली, तर संमती मागे घेण्याचा अधिकार दात्याकडे राहतो.

याहून सोपे काम तर आजच घरी करता येण्यासारखे आहे. समाजाच्या परिचय पुस्तिकेत गोत्र, मूळ गाव, व्यवसाय आणि दूरध्वनी असतो. आजार मात्र लपवला जातो, कारण मुलामुलींची लग्ने अडतील अशी भीती असते. वस्तुतः कंपवाताच्या बहुसंख्य रुग्णांच्या घरात पूर्वी कोणालाही तो झालेला नसतो. पुस्तिकेत छापू नये, पण घराच्या कपाटात एक वही ठेवावी. आजोबांना कोणत्या वयात काय झाले, आजीचा हात केव्हा थरथरू लागला, काकांना वास कधी येईनासा झाला, हे सारे तारीखवार लिहावे. अण्णांच्या घरात तशी वही सुरू झाली आहे. तिची पहिली पाने सुनेच्या अक्षरात आहेत आणि मजकूर अण्णा सांगतात.